मुद्दा तुमचा, रान आण्णांचे

वाचकाचे पत्र : मी शिरोळ तालुक्यातल्या एका गावचा. कृषी पदवीधर आहे, कोल्हापुरात बँकेत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार घरी जातो. घरची चार एकर बागायत आहे आणि सगळा ऊस आहे. वडील, म्हणजे आमचे आण्णा, तोड झाली की फडातले पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पेटवून देतात. ते जाळू नका, रानातच कुजवा, असे मी कित्येक वर्षे सांगतो आहे. माती परीक्षण करून आणले, त्यात सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस दाखवणारा आकडा, ०.४ टक्क्याच्या खाली निघाला. मी रोज सकाळी त्यांच्या फोनवर लेख आणि व्हिडिओ पाठवतो. त्यांचे उत्तर एकच असते, "पाचटात पाणी सरकत नाही." हा मूळ मुद्दाच नव्हे, असे मी सांगतो, तर ते गप्प बसतात. या दिवाळीत पाहुणे जमले असताना विषय निघाला. मी अहवाल सर्वांसमोर वाचून दाखवला. काकांनी आणि दाजींनी माझे बरोबर असल्याचे मान्य केले. आण्णा म्हणाले, "मग तूच कर की शेती." मी म्हणालो, "उद्या मलाच करायची आहे, म्हणून तर बोलतोय." ते ताटावरून उठले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, निरोप आईकडून येतात. जानेवारीत आमची तोड येईल आणि ते पुन्हा काडी लावतील. माझे सगळे मुद्दे बरोबर असूनही ते मान्य का करत नाहीत? त्यांना पटेल असे मी काय बोलू?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते. आण्णांना पटेल असे बोलण्यासारखे आता तुमच्याजवळ काही उरलेले नाही. पाचट जाळण्याविरुद्ध जे म्हणता येईल ते सगळे तुमचे म्हणून झाले आहे, आणि ते खरेही आहे. हेक्टरभर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते पेटवले की त्यातला कर्ब आणि नत्र धुरावाटे निघून जातात, जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणू होरपळतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात ज्या आच्छादनाने ओल धरून ठेवली असती, तण दाबले असते, ते आच्छादनच राहत नाही. शिरोळ तालुक्यात तर अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी क्षारपड झालेली शेकडो एकर जमीन तुम्ही येता-जाता पाहत असाल, त्यामुळे मातीची काळजी तुम्हाला इतक्या तीव्रतेने वाटते याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. तुमचा मुद्दा बरोबर आहे हे मी इथे स्वच्छ लिहिते, म्हणजे यापुढे जे लिहिणार आहे ते तुम्हाला आण्णांची बाजू घेणे वाटणार नाही.

दिवाळीच्या जेवणाच्या वेळी तुम्ही तो वाद जिंकलात. काकांनी मान्य केले, दाजींनी मान्य केले, आणि आण्णांना उत्तर देता आले नाही. वादात जे जे मिळवता येते ते सगळे तुम्हाला त्या दिवशी मिळाले, आणि तरीही जानेवारीत काडी लागणारच आहे असे तुम्ही स्वतःच लिहिता. म्हणजे आजवर तुमचे मुद्दे कमी पडत होते म्हणून आण्णा बदलत नव्हते, ही समजूत त्याच दिवशी खोटी ठरली आहे. आणखी चार लेख, आणखी एक अहवाल किंवा अधिक गोड शब्द यांनी काही होईल असे मानायला आता आधार उरलेला नाही. चारचौघांत निरुत्तर झालेल्या माणसापुढे दोनच वाटा असतात. आपण इतकी वर्षे चुकत होतो असे ज्यांच्यासमोर अपमान झाला त्यांच्यासमोरच कबूल करायचे, किंवा मुद्द्याचा विचारच सोडून आपला मान सांभाळायचा. ज्या माणसाने ऊस पिकवून तुम्हाला कृषी पदवीपर्यंत शिकवले, त्याला त्याच पदवीच्या जोरावर भावासमोर आणि जावयासमोर निरुत्तर केल्यावर त्याने पहिली वाट धरावी ही अपेक्षा फार मोठी आहे. माझ्या मते जानेवारीत आण्णा पाचट पेटवतील तेव्हा त्यात जुन्या सवयीइतकाच दिवाळीचाही वाटा असेल. त्या दिवसाने पाचट वाचण्याची शक्यता वाढलेली नाही, उलट कमी झाली आहे.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही लिहिलेले नसून आण्णांनी उच्चारलेले आहे, आणि तुम्ही ते जवळजवळ बाजूला सारून पुढे गेला आहात. "पाचटात पाणी सरकत नाही." तुम्ही म्हणता की हा मूळ मुद्दाच नव्हे. माझ्या मते तुमच्या दोघांच्या भांडणात रानातून आलेला मुद्दा हा एवढाच आहे, बाकीचे सगळे कागदावरून आणि फोनवरून आलेले आहे. पाटपाण्यावरच्या उसात, सगळ्या सऱ्या पाचटाने भरल्या की पाणी खरोखरच अडते, मध्येच तुंबते, सरीच्या टोकापर्यंत पोचायला फार वेळ घेते. पाणीपुरवठा संस्थेची पाळी ठरावीक तासांची असते, वीज कित्येकदा रात्रीची असते, आणि पाळी संपेपर्यंत पाणी शेवटच्या सरीला पोचले नाही तर तो तुकडा पुढच्या पाळीपर्यंत वाळतो. रात्री खोरे घेऊन बांधावर उभा राहिलेला माणूस तो विचार करतो, आणि त्याने तो केलाच पाहिजे. आण्णा इतकी वर्षे तुम्हाला आपली अडचण एका वाक्यात सांगत आले आहेत, आणि तुम्ही तिला उत्तर देण्याऐवजी ती गैरलागू ठरवत आला आहात. ते त्यानंतर गप्प बसतात याचा अर्थ त्यांच्याजवळ उत्तर नसते असा तुम्ही लावला आहे. सांगून उपयोग नाही, असे वाटूनही माणूस गप्प बसतो.

आणि त्या अडचणीला उत्तर आहे, तुम्ही ते शिकलाही असाल. सगळ्या सऱ्यांत पाचट न ठेवता एका आड एका सरीत ते दाबून बसवायचे आणि मोकळ्या सऱ्यांतून पाणी द्यायचे. हे उत्तर तुमच्या हाती असताना ते दिवाळीत तुमच्या तोंडून का निघाले नाही, याचा तुम्ही शांतपणे विचार करावा अशी माझी विनंती आहे. वाद जिंकण्याची ओढ लागली की समोरच्याच्या बोलण्यातला खरा भाग आपल्याला ऐकूच येत नाही, कारण तो मान्य केला तर आपली बाजू तेवढी लंगडी होईल अशी धास्ती असते.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राने या विषयाचा फार बारकाईने विचार केला आहे. दोघांनी मिळून खरे काय ते शोधायचे अशी चर्चा म्हणजे वाद, जिंकण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढायचे ती वितंडा, असे तीन प्रकार त्यात मानले आहेत. जल्प आणि वितंडा यांनाही त्या शास्त्राने अगदीच टाकाऊ ठरवले नाही. कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण घालतात त्याप्रमाणे सत्याच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग सांगितला आहे. पण कुंपण लावायचे ते बाहेरच्यापासून राखण करण्यासाठी. तुम्ही ते घरातल्या माणसाविरुद्ध लावलेत, आणि ज्याच्या हातून रोप वाढायचे तोच माणूस कुंपणाबाहेर राहिला.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येते. "उद्या मलाच करायची आहे, म्हणून तर बोलतोय." हे तुम्ही कोणत्या भावनेने बोललात ते मला समजते. आपण केवळ उपदेश करत नाही, या जमिनीत आपलेही आयुष्य आहे, असे तुम्हाला सांगायचे होते. आण्णांनी काय ऐकले असेल? माझ्या अंदाजाने त्यांनी असे ऐकले की या रानातला माझा काळ आता संपत आला आहे, आणि माझ्या मुलाने तो मनातल्या मनात संपवूनही टाकला आहे. ताटावरून उठण्याचे कारण सेंद्रिय कर्ब नव्हते. शेतकरी बापाच्या मनात जमीन कोणाच्या नावावर आहे यापेक्षा रानातला शब्द कोणाचा चालतो हा प्रश्न अधिक नाजूक असतो, आणि वय वाढत जाते तसा तो अधिकच नाजूक होतो. तुम्ही पाचटावर बोलत होता आणि ते या प्रश्नावर ऐकत होते, त्यामुळे पाचटाबद्दलचा कितीही सबळ पुरावा त्यांच्या मनातल्या प्रश्नाला स्पर्शसुद्धा करणार नव्हता.

या ठिकाणी मला पुण्यातला एक जुना प्रसंग सांगितलाच पाहिजे, कारण वादाने काय होते आणि काय होत नाही हे महाराष्ट्राने इतक्या स्पष्टपणे फार थोड्या वेळा पाहिले असेल. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ मध्ये मान्यता मिळाली होती, पण समाज मानत नव्हता. तेव्हा १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या समोर दोन्ही पक्षांच्या शास्त्र्यांचा रीतसर वाद झाला. पुनर्विवाहाच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडित उभे होते. त्यांची विद्वत्ता वादातीत होती आणि वचनांचे आधारही त्यांनी भरपूर जमवले होते. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. पण समजा, तो त्यांच्या बाजूने लागला असता, तर दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या किती बापांनी आपल्या बालविधवा मुलीचे लग्न लावले असते? मला वाटते, फारच थोड्यांनी. कारण त्या बापांच्या मनातला प्रश्न वचनाचा नव्हता. पंगतीत आपल्याला कोण बसू देईल, धाकट्या मुलीला स्थळ कोण देईल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला वादसभेत कोणीच हात घातला नव्हता. स्वतः विष्णुशास्त्र्यांनी पुढे विधवेशी विवाह केला. ते त्यांचे खरे उत्तर होते असे मी मानते.

त्यानंतर धोंडो केशव कर्वे आले. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा हा अबोल माणूस वादसभा गाजवणारा नव्हता. त्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि मुरूडने, त्यांच्या स्वतःच्या गावाने, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कर्व्यांनी गावाला चुकीचे ठरवण्यात आयुष्य घालवले नाही. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी संस्था काढली, १९०० मध्ये ती हिंगण्याच्या माळावर झोपडीत नेली, आणि कॉलेज संपल्यावर पुण्याहून हिंगण्यापर्यंत पायी जाऊन शिकवू लागले. त्यांच्या शहाणपणाची जी गोष्ट तुमच्यापुढे ठेवावीशी वाटते ती अशी की आश्रमाच्या कामापासून त्यांनी पुनर्विवाहाचा प्रचार निग्रहाने वेगळा ठेवला. स्वतः विधवाविवाह केलेल्या माणसाला तो विषय बाजूला ठेवणे सोपे गेले नसेल. पण ज्या बापाला पुनर्विवाह कधीच पटला नसता त्याला आपली मुलगी लिहायला-वाचायला शिकावी, पुढे नर्स किंवा शिक्षिका व्हावी, हे पटू शकत होते. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या, त्यांनी पुन्हा लग्न केले नाही, आणि कित्येक वर्षे जुन्या रीतीच्या विधवेच्या वेषातच गावोगाव फिरून त्यांनी आश्रमासाठी पैसा जमवला. त्यांना दारात पाहून कोणाला वाद घालण्याचे कारणच उरत नसे. जे पुण्याच्या वादसभेत कोणालाच कोणाला पटवता आले नव्हते, ते हळूहळू आश्रमातून शिकून बाहेर पडलेल्या बायका पाहून लोकांच्या अंगवळणी पडले. १९१६ मध्ये महिलांचे विद्यापीठ उभे राहिले त्याचे मूळ या कामात आहे.

शेतीतही हेच झालेले आहे, आणि तुम्ही कृषी विस्तार हा विषय शिकलेले असल्यामुळे सीमन नॅप या अमेरिकी कृषी-प्रसारकाचे नाव तुमच्या पुस्तकात येऊन गेले असेल. अमेरिकेत सरकारी पत्रके निघत होती, सरकारी आदर्श शेते होती, आणि शेतकरी दोन्हींकडे पाहून, सरकारचा पैसा आहे, त्यांना काय जाते, असे म्हणून घरी जात होते. नॅप यांनी १९०३ मध्ये टेक्सासमधल्या टेरेल या गावाजवळ पोर्टर नावाच्या शेतकऱ्याला त्याच्याच जमिनीवर, त्याच्याच हाताने नवी पद्धत करून पाहायला सांगितले. नुकसान झाले तर भरून देण्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी आधीच निधी उभा केला. पीक चांगले आले, पोर्टरला फायदा झाला, आणि पुढे हीच रीत सगळ्या देशात पसरली. आज आपल्याकडे कृषी विभाग पीक प्रात्यक्षिके घेतो, शिवार फेऱ्या काढतो, त्यामागे हाच विचार आहे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनीही तेच केले. ७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचा हा अभियंता नायगावात पाणलोटाची भाषा बोलू लागला तेव्हा लोकांनी ऐकून घेतले आणि सोडून दिले. मग त्यांनी देवस्थानची १६ हेक्टर ओसाड जमीन खंडाने घेतली, तिथे पाणी अडवून पीक काढून दाखवले, आणि त्या माळावरून पाणी पंचायतीचे, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याचे, काम सुरू झाले. पुढे त्या पंचायतीने आपल्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही असा नियम केला आणि दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यांनी तो पाळला. असा नियम नुसत्या भाषणाने कोणी मान्य केला असता असे मला वाटत नाही.

तेव्हा तुम्ही काय करावे? फोनवरचे लेख आणि व्हिडिओ आजपासून बंद करा, अगदी एखादा फारच चांगला मिळाला तरीही. मग घरी जाल तेव्हा आण्णांना एकटे गाठून एवढेच सांगा की पाहुण्यांसमोर मी बोलायला नको होते, चुकलो. याला "पण" जोडू नका. "पण मुद्दा माझा बरोबर होता" हे शब्द निघाले की माफीचा वाद होईल आणि दिवाळी पुन्हा सुरू होईल. रानाचा शब्द तुमचा आहे आणि तुम्ही आहात तोवर तुमचाच राहणार, असेही त्यांना सांगा, मात्र मनात तसे असेल तरच. मनात नसेल तर बोलू नका, त्यांना ते कळेल. लगेच काही घडेल अशी अपेक्षा ठेवू नका. ते "हं" म्हणून गोठ्याकडे निघून गेले तरी ते पुष्कळ आहे.

त्यानंतर शनिवारी रात्री पाण्याची पाळी असेल तेव्हा त्यांच्याबरोबर रानात जा आणि पाणी कसे फिरते ते त्यांना विचारा. किती तासांत किती सऱ्या भिजतात, उतार कुठे कमी आहे, पाणी कुठे फुटते, पाचट होते त्या वर्षी नेमके काय झाले होते. हे प्रश्न डाव म्हणून विचारायचे नाहीत. तुम्हाला ही माहिती खरोखरच नाही, आणि ती असल्याशिवाय तुमची शिफारस अर्धी आहे. पाचट भरलेल्या सरीतून त्या उतारावर पाणी कसे जाईल हे तुम्ही स्वतःला टप्प्याटप्प्याने सांगून पाहा, आपल्याला किती ठाऊक नाही ते तुमचे तुम्हालाच उमगेल. मला तर अशी शक्यता वाटते की आण्णांनी पूर्वी केव्हातरी पाचट ठेवून पाहिले असेल, पाणी अडले असेल, खोडव्याचे, म्हणजे तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाचे, नुकसान झाले असेल, आणि ती गोष्ट तुम्ही कधी विचारली नाही म्हणून त्यांनी सांगितली नसेल.

मग त्यांच्याकडे दहा गुंठे मागा. चार एकरांतले दहा गुंठे, तेही त्यांनी निवडलेले. त्यांनी मुद्दाम अडचणीचा तुकडा दिला तरी घ्या, कारण तिथे जमले तर त्यांना शंका घ्यायला जागा राहणार नाही. काम कसे करायचे ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी थोडक्यात लिहिते. तोड झाल्यावर बुडखे जमिनीलगत छाटून घ्यायचे, पाचट एका आड एका सरीत बसवायचे, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक हे प्रमाण धरले तर दहा गुंठ्यांना ८ किलो, १० किलो आणि १ किलो लागेल, आणि ते टाकल्यावर पाचटाला ओल राहील असे पाणी द्यायचे. हे सगळे काम तुम्ही स्वतः करा, मजूर लावून नव्हे. आणि आधीच सांगून ठेवा की या तुकड्यात खोडव्याचा उतारा कमी भरला तर तेवढ्या उसाचे पैसे तुम्ही तुमच्या पगारातून द्याल. घरात पैशाचा हिशोब कशाला, असे आई म्हणेल. तरीही सांगा. नॅप यांनी व्यापाऱ्यांकडून हमी घेतली ती उगाच नव्हे. प्रयोगाचा धोका ज्याच्या डोक्यावर असतो त्याला तो प्रयोग शत्रूसारखा वाटतो, आणि तो धोका तुम्ही उचललात की आण्णांना नुसते पाहायला मोकळीक मिळेल.

यश कशाला म्हणायचे ते आधी ठरवा, आणि ते आण्णांना ठरवू द्या. फुटवे किती आले, एका पाळीत दहा गुंठे किती वेळात भिजले, उन्हाळ्यात पाळी दोन-चार दिवस लांबली तर कुठला ऊस आधी सुकला, भांगलणीला, म्हणजे तण काढायला, किती बायका लागल्या, आणि शेवटी काट्यावर वजन किती भरले. दहा गुंठ्यांचा ऊस वेगळा भरून त्याची खेप वेगळी काटा करता येईल, मुकादमाला आधी सांगून ठेवावे लागेल एवढेच. सेंद्रिय कर्ब या यादीत घालू नका. तो वर्षभरात हलत नाही, कित्येक हंगाम लागतात, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात आकडा तोच दिसला तर तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःचा प्रयोग पाडाल.

हे सगळे करताना एक गोष्ट मनाशी खरोखर मान्य करावी लागेल, ती म्हणजे निकाल तुमच्या विरुद्ध लागू शकतो. पाणी अडेल, उंदीर होतील, पहिल्या वर्षी वजनात काहीच फरक दिसणार नाही. तसे झाले तर सबबी न सांगता तसे म्हणा, आणि पुढच्या वर्षी काय बदलायचे ते आण्णांनाच विचारा. प्रयोग म्हणजे आण्णांना हरवण्याचा लांबचा रस्ता, असे तुमच्या मनात असेल तर तो करू नका. मग वजन कितीही भरले तरी काट्याची पावती तुम्ही दिवाळीतल्या अहवालासारखीच वाचून दाखवाल.

शब्द सर्वत्र निरुपयोगी असतात असे मी म्हणत नाही. ग्रामसभेत, पाणीपुरवठा संस्थेच्या बैठकीत, जिथे बहुमताने निर्णय व्हायचा असतो आणि ऐकणाऱ्यांचे मन अजून ठरलेले नसते, तिथे तुमचा अहवाल आणि तुमचे बोलणे दोन्हींची गरज आहे. ज्यात उशीर केला तर जीव जाईल अशा गोष्टीतही, समोरच्याला पटो न पटो, बोललेच पाहिजे आणि वेळ पडली तर भांडले पाहिजे. पाचट त्यातले नाही. जमीन वाईट होते आहे हे खरे, पण ती या एका हंगामात संपणार नाही, तुमच्याजवळ काही वर्षे आहेत.

आण्णांनी दहा गुंठेही नाकारले तर? तर या वर्षी विषय सोडा. आईकडून, काकांकडून, दाजींकडून शब्द टाकायला लावू नका, तो दिवाळीचाच दुसरा प्रयोग होईल. रान त्यांचे आहे, आणि ते चुकीचे करत असले तरी त्यांचे आहे. पाण्याच्या पाळीला मात्र जात राहा, कारण त्याचा पाचटाशी काही संबंध नाही. तुमच्या आईने दोघांचे निरोप पोचवत किती दिवस काढायचे, हाही प्रश्न या पत्रात आहे आणि तुम्ही तो विचारलेला नाही.

आणि त्यांनी होकार दिला तर एक काम तोडीच्या दिवशीच करावे लागेल. बाकीच्या रानात ते काडी लावणार आहेत, ती त्यांना लावू द्या, तिथे उभे असताना तोंडातून एक शब्दही निघू देऊ नका. पण जाळ दहा गुंठ्यांत येऊ नये म्हणून मधल्या दोन-तीन सऱ्यांतले पाचट आधी ओढून जागा मोकळी करून घ्यावी लागेल, आणि वारा कुठल्या बाजूचा असताना, दिवसाच्या कुठल्या वेळी पेटवायचे हे ठरवावे लागेल. त्यातले आण्णांना तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक कळते. ते त्यांना विचारून, ते सांगतील तसे करा.